सीपीयू नव्वदला टेकतोय? रेडिएटर घेण्याआधी पाण्याचं तापमान बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलोय का ते तुम्हालाच कळेल. मशीन कराडला घरी आहे, सव्वादोन वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः जोडलेलं. सीपीयू (मुख्य चिप) रायझन ९ ५९००एक्स, जीपीयू (ग्राफिक्सची चिप) आरटीएक्स ३०८०, दोन्हींवर वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा), वर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, पुढं २४० चा, डी५ पंप, पारदर्शक मऊ नळी आणि निळं कूलंट. सुरुवातीला गेम खेळताना सीपीयू ६८-७० अंशांवर असायचा, आता तोच गेम, तीच सेटिंग, पण सीपीयू ९० ला जाऊन अडकतो आणि गेम मधेच खडखडतो. जीपीयू ५२ चा ५७ झालाय, एवढाच फरक. चिप आणि ब्लॉकमधली पेस्ट बदलून झाली, दोनेक अंश कमी झाले. फॅन फुल केले, नुसता आवाज वाढला. पाणी निळ्याचं फिकट हिरवट आणि गढूळ झालंय आणि पंप मधनंच गुळगुळ करतो. एका दुकानदारानं फोनवरच सांगितलं की रेडिएटर छोटे पडतायत, पंपही गेलाय, सगळंच बदला. आणि तुम्ही विचारताय की नवीन रेडिएटर कुठला घेऊ.

तर पहिली गोष्ट, रेडिएटर घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी सांगलीत विश्रामबागला गेली चौदा वर्षं मशीन जोडतोय आणि दुरुस्त करतोय, त्यातली आठेक वर्षं कस्टम लूपची, म्हणजे पंप, नळ्या, ब्लॉक सुटे घेऊन जोडलेल्या पाण्याच्या फेरीची, कामं आहेत, आणि एवढ्यात मला एक गोष्ट पक्की कळलीय की वॉटरकूल्ड मशीन गरम होतंय म्हणजे उष्णता कुठंतरी अडकतेय, आणि कुठं अडकतेय ते ठरवल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

उष्णतेचा प्रवास दोन टप्प्यांत होतो हे डोक्यात घ्या. पहिला टप्पा चिपपासून पाण्यापर्यंत, म्हणजे पेस्ट आणि ब्लॉक. दुसरा टप्पा पाण्यापासून खोलीतल्या हवेपर्यंत, म्हणजे रेडिएटर आणि फॅन. मधे पाणी फिरवायला पंप. तुम्ही सगळं बघितलं, पण पाण्याचं तापमान बघितलं नाही, आणि दोन टप्प्यांना वेगळं करणारा आकडा तोच आहे. समजा खोली ३१, पाणी ४२ आणि सीपीयू ९०. पाणी खोलीपेक्षा ११ अंशच वर आहे, म्हणजे रेडिएटर त्याचं काम चोख करतोय, अडचण पहिल्या टप्प्यात. आणि समजा खोली ३१, पाणी ५५, सीपीयू ८५, तर ब्लॉक ठणठणीत आहे, उष्णता पाण्यात येतेय पण बाहेर पडत नाहीये, तिथं धूळ, फॅन, हवेची वाट हे बघायचं.

सेन्सर नसला तरी चालतं. लूपमध्ये बसवायचा जी वन-फोर (वॉटरकूलिंगचं नेहमीचं माप) फिटिंगचा सेन्सर मिळतो आणि बऱ्याच मदरबोर्डवर त्याला दोन पिनांची जागा पण असते, पुढच्या वेळी लूप उघडाल तेव्हा तो नक्की बसवा. आज मात्र माशांच्या टाकीच्या दुकानात जा, वायरला छोटा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो स्वच्छ धुवून पुसून रिझर्व्हायरच्या, म्हणजे लूपच्या टाकीच्या, वरच्या तोंडातून पाण्यात सोडा. पंपाकडं जाईल एवढा खोल सोडू नका. मग गेम किंवा लोड टेस्ट अर्धा तास चालू द्या, कारण पाणी तापायला वेळ घेतं, पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो. अर्ध्या तासानं तीन आकडे एकाच वेळी लिहून घ्या: खोली, पाणी, चिप.

पण तुमच्या बाबतीत थर्मामीटर नसतानाही मी बराच अंदाज बांधू शकतो, आणि तो कसा ते सांगतो. तुमचा जीपीयू आणि सीपीयू एकाच पाण्यावर आहेत. चांगल्या ब्लॉकवर ३०८० पाण्यापेक्षा साधारण १० ते १५ अंश वर असतो असा माझा अनुभव. म्हणजे सुरुवातीला जीपीयू ५२ होता तेव्हा पाणी चाळिशीच्या आसपास असणार. आता जीपीयू ५७ आहे, म्हणजे पाणी फार तर ४७. जर रेडिएटर कमी पडत असते आणि पाणीच वीस अंशांनी तापलं असतं तर जीपीयू पण वीस अंशांनी वर गेला असता. तो गेलेला नाही. मग सीपीयूचे वरचे वीस अंश आले कुठनं? सीपीयू आणि पाणी यांच्या मधनं. पेस्ट तुम्ही बदललीय, त्यानं फार फरक पडला नाही. राहिला सीपीयूचा ब्लॉक. माझा अंदाज आहे की तो आतून चोक झालाय.

आपल्याकडं ठिबक सगळ्यांनी बघितलंय. द्राक्षबागेत एका ओळीला पाणी कमी पडायला लागलं तर शेतकरी लगेच मोटर बदलायला धावत नाही, तो आधी फिल्टर उघडतो, ड्रीपर बघतो, कारण क्षार आणि शेवाळ सगळ्यात आधी जिथं भोक सगळ्यात बारीक तिथंच बसतं. तुमच्या लूपमधला ड्रीपर म्हणजे सीपीयू ब्लॉक. त्याच्या तांब्याच्या पत्र्यावर कंगव्यासारख्या खाचा असतात, दोन दात्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि त्यावर एका बारीक फटीतून पाण्याची धार सोडणारी पातळ पट्टी असते. लूपमध्ये जे काही तरंगतंय ते सगळं तिथं येऊन अडकतं. जीपीयूच्या ब्लॉकलाही खाचा असतात, पण त्याची चिप मोठी, क्षेत्र मोठं, त्यामुळं थोडं अडलं तरी लगेच जाणवत नाही. ५९००एक्समध्ये उष्णता फार छोट्या जागेतून बाहेर येते, त्यामुळं तिथं थोड्या खाचा बुजल्या तरी आकडा लगेच उडतो.

आणि ९० वरच का अडकतो? एएमडीनं या चिपची कमाल मर्यादाच ९० अंश ठेवलीय. तिथं पोचली की ती स्वतःचा वेग कमी करते, म्हणून तुम्हाला त्याच्या वर आकडा दिसत नाही आणि गेम खडखडतो. चिप जळेल ही भीती काढून टाका. पण याचा दुसरा अर्थ असा की खरी अडचण ९० पेक्षा मोठी असू शकते, चिप ती वेग कमी करून झाकतेय.

रेडिएटर छोटे पडतात का, हेही हिशेबानं बघू. ३०८० ची मूळ पॉवर ३२० वॉट, ५९००एक्स सॉकेटमधून जास्तीत जास्त १४२ वॉट ओढतो, म्हणजे दोन्ही एकाच वेळी पूर्ण लोडवर आले तरी ४६० च्या आसपास, आणि गेममध्ये सीपीयू एवढा ओढत पण नाही. आमचा ढोबळ हिशेब १२० मिलिमीटरच्या एका फॅनमागं शंभर वॉट असा असतो. तुमच्याकडं ३६० आणि २४० मिळून पाच फॅन आहेत. पुरेसं आहे. सव्वादोन वर्षांपूर्वी याच रेडिएटरवर तुमचं मशीन ७० ला चालत होतं की, रेडिएटर काय आटत नाही.

अजून एक गोष्ट लोक मला सारखी विचारतात म्हणून सांगून टाकतो, पाणी आधी सीपीयूला द्यावं की जीपीयूला. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ते एक अंश तापायला साधारण ७० वॉट लागतात. चांगल्या लूपमध्ये मिनिटाला ३-४ लिटर वाहतं, म्हणजे तुमचे ४६० वॉट सगळे जमेला धरले तरी पूर्ण फेरीत पाणी दोनेक अंशच तापतं. क्रम बदलून काही मिळत नाही, नळ्या ज्या वाटेनं सरळ आणि कमी वाकतील ती वाट घ्या. पण हाच हिशेब उलटा धरा: प्रवाह घटून मिनिटाला अर्धा लिटर झाला तर तेरा अंशांचा फरक पडतो. म्हणून चोक झालेला ब्लॉक दुहेरी मार देतो, स्वतःच्या खाचा बुजतात आणि सगळ्या लूपचा प्रवाहही मंदावतो.

आता ते गढूळ पाणी. त्यात नक्की काय आहे ते लूप उघडल्यावर बोटानं कळतं. नळीचा एक तुकडा उभा चिरा आणि आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, विहिरीच्या पायरीसारखं, तर ते शेवाळ किंवा जिवाणूंचा थर. थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखं पांढरट, चिकट आणि पाण्यानं न निघणारं असेल तर ते प्लास्टिसायझर, म्हणजे नळी मऊ राहावी म्हणून पीव्हीसीत घातलेलं तेलकट रसायन, जे कोमट पाण्यात वर्षानुवर्षं राहून हळूहळू बाहेर पडतं. आणि भुकटीसारखं बोटाला रंग लागला तर कूलंटचा रंग किंवा गंजाचा अंश. पारदर्शक मऊ नळी आणि दोन वर्षांहून जुनं पाणी म्हटल्यावर माझा कौल प्लास्टिसायझरला आहे, पण शेवाळ आणि प्लास्टिसायझर दोन्ही एकत्र पण असतं. हिरवटपणा म्हणजे शेवाळच असं धरून चालू नका, निळा रंग फिका पडला आणि नळी पिवळी पडली तरी डोळ्याला हिरवंच दिसतं.

मिरजेत एकजण लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात, त्यांचं मशीन मागच्या मार्चमध्ये माझ्याकडं आलं. ऐन लग्नसराई, एक्स्पोर्ट लावलं की सीपीयू वर जायचा आणि चाळीस मिनिटांचं काम दीड तास घ्यायचं. त्यांनी पण आधी फॅन बदलले, मग पेस्ट, मग अजून महागाची पेस्ट. ब्लॉक उघडला तर खाचांच्या बरोबर मधोमध, जिथं धार पडते तिथं, दुधाच्या सायीसारखा पांढरा पट्टा, नखानं खरवडला तर गोळा होऊन आला. कडेच्या खाचा मात्र लख्ख तांब्याच्या. चिप बरोबर त्या पट्ट्याखाली. साफ केला, नळ्या बदलल्या, आणि तेच एक्स्पोर्ट बावीस अंश खाली चाललं. एकही महागडा पार्ट बदलला नाही. ते गृहस्थ मग म्हणाले, आधीच उघडला असता तर निम्मी लग्नं वेळेत दिली असती. म्हणून मी एवढ्या कळकळीनं सांगतोय, पैसे तर जातातच, पण वेळ जास्त जातो.

पंपाचं बोलू. गुळगुळ आवाज म्हणजे पंप गेला असं नाही, बहुतेक वेळा ती हवा असते. दोन वर्षांत नळीतनं थोडं थोडं पाणी उडून जातं, रिझर्व्हायरची पातळी खाली येते, आणि पंप हवेचे बुडबुडे ओढायला लागतो. पातळी बघा, मला वाटतं ती खाली गेली असणार. बारीक सलग शिट्टीसारखा आवाज असेल तर बहुधा पंपाची कंपनं केसला लागतायत, खाली रबर किंवा स्पंज द्या. खरवडल्यासारखा, वाळू अडकल्यासारखा आवाज आला तर मात्र काळजी करा, तिथं कचरा किंवा बेअरिंग. मिरजेतले तंबोऱ्याचे कारागीर जवारी कानानं लावतात, तसा आपल्या पंपाचा निरोगी आवाज एकदा कानात बसवून ठेवा, बिघाड आकड्यांच्या आधी तिथं कळतो.

आणि एक कधीच करू नका, पंप कोरडा चालवू नका. डी५ चं बेअरिंग त्या पाण्यावरच तरंगतं, पाणी हेच त्याचं वंगण आणि तेच त्याचं कूलिंग. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत गावभागातल्या एका घरातनं मशीन रातोरात हलवलं, गाडीत आडवं टाकून नेलं, बरोबरच केलं, नाहीतर पाण्यातच गेलं असतं. पण आडवं केल्यावर रिझर्व्हायरमधली हवा पंपात शिरली आणि नातेवाइकांच्या घरी पोचल्यावर उभं केलं न केलं की लगेच बटण दाबलं. पंप हवेत फिरला, खरखर झाली, संगीत समजून तसंच चालू ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पंप बंद. मशीन हलवल्यावर अर्धा तास उभं ठेवा, हळूच मागं-पुढं कलवा, पंपात पाणी भरलेलं दिसलं की मगच चालू करा.

आता काम कसं करायचं ते. हे तुम्ही स्वतः लूप जोडलाय म्हणून तुम्हाला सांगतोय, हात सरावाचा नसेल तर जवळचा माणूस बघा. रविवार अख्खा मोकळा ठेवा, घाईत गळती होते. सगळ्यात खालच्या ड्रेनच्या तोंडाला नळी लावून पाणी बादलीत काढा, वरचं झाकण उघडं ठेवा म्हणजे हवा जाईल. हे पाणी अंगणात किंवा उघड्या भांड्यात ठेवू नका, काही कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी, कुत्रं-मांजर चाटतं.

ब्लॉक काढल्यावर उघडण्याआधी आणि उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. धारेची पट्टी कुठल्या बाजूनं बसलीय, ओ-रिंग कशी आहे, आत येणारं तोंड कुठलं आणि बाहेर जाणारं कुठलं. हे मी फार वेळा बघितलंय की लोक साफ करून उलटं जोडतात, पाणी बाहेर जायच्या तोंडातनं आत येतं आणि मग म्हणतात साफ करून पण फरक नाही. साफ करायला भांड्याचा साधा साबण, कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. ब्रश खाचांच्या दिशेनं चालवा, आडवा नको. प्लास्टिसायझर साबणाला पण हट्टी असतं, दोन-तीन वेळा भिजवून करावं लागतं, घाईला येत नाही.

व्हिनेगर किंवा लिंबूसत्व लावायचं का, हे ब्लॉकवर अवलंबून. उघडा तांब्याचा ब्लॉक असेल आणि काळा पडला असेल तर पाण्यात पातळ केलेल्यात थोडा वेळ चालतं. निकेलचा चंदेरी मुलामा असेल तर नका लावू, मुलामा सुटतो. आणि वरचं पारदर्शक ॲक्रिलिक झाकण स्पिरिटनं, आयसोप्रोपिलनं किंवा थिनरनं कधीच पुसू नका. चिपवरची पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल उत्तम, पण तेच ॲक्रिलिकला लागलं तर त्यात जाळीसारखे बारीक तडे जातात आणि गळती महिन्यानं सुरू होते, तोवर तुम्ही विसरलेले असता की आपण काय लावलं होतं. बंद करताना ओ-रिंग खाचेत नीट बसलीय का ते उजेडात बघा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे. ॲक्रिलिकला जोर लावाल तर तडकेल.

जीपीयूचा ब्लॉक उघडायचा का? तुमचा फरक पाचच अंश आहे, त्यामुळं मी असतो तर तो न उघडता साफ पाणी दोन्ही दिशांनी सोडून धुतला असता. पण सीपीयू ब्लॉकमध्ये फार घाण निघाली तर मात्र तोही उघडा. रेडिएटर सोडवून त्यात गरम पाणी अर्धं भरा, उकळतं नको, दोन्ही तोंडं बंद करून ताक घुसळल्यासारखं हलवा आणि ओता. पहिली एक-दोन धुणी साध्या पाण्यानं चालतात, शेवटची तीन तरी डिस्टिल्डनं. पांढऱ्या मग्यात ओतून बघा, कण दिसायचे बंद झाले की थांबा.

मऊ पारदर्शक नळी सगळी टाकून द्या, धुऊन परत लावायचा मोह होतो पण जे तिच्यातनं निघतंय ते निघतच राहणार. ईपीडीएम रबराची काळी नळी घ्या, त्यात ही भानगड होत नाही. दिसायला काच नाही, पण मशीन वापरायचंय तुम्हाला. पाणी दिसायलाच हवं असेल तर कडक नळीकडं जा, मात्र पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळीचं पाणी ६० च्या पुढं जाऊ द्यायचं नसतं, ती मऊ पडून फिटिंगमधनं सरकते.

पाणी कुठलं? घरातल्या आरओचं नको. आरओनं क्षार कमी होतात, संपत नाहीत. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी कधी खूप चांगलं असतं आणि कधी नसतं, पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) स्वस्तात मिळतो, त्यावर शून्य किंवा एखादा आकडा दाखवला तर धुवायला बिनधास्त वापरा. पण लूपमध्ये भरायला नुसतं डिस्टिल्ड नको, त्यात गंज थांबवणारं आणि शेवाळ थांबवणारं काही नसतं. वॉटरकूलिंगसाठी बनवलेलं तयार पारदर्शक कूलंट किंवा त्याचं कॉन्सन्ट्रेट डिस्टिल्डमध्ये सांगितलेल्या प्रमाणात. रंगीत हवंच असेल तर हलका रंग चालेल, दुधाळ कूलंट मात्र मी कस्टमरला सरळ नाही म्हणतो, त्यातले कण तळाशी आणि खाचांत बसतात. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट टाकू नका, ते वेगळ्या धातूंसाठी आणि वेगळ्या तापमानासाठी बनवलेलं असतं.

आणि एक तपासा, सगळे पार्ट तांबं, पितळ, निकेल याच घरातले आहेत ना? स्वस्त रेडिएटर कधी कधी ॲल्युमिनियमचा असतो. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की पाण्यातून छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खात जातं, आत पांढरी भुकटी सुटते. तसं असेल तर मात्र तो रेडिएटर बदलायलाच हवा, मोठा की छोटा हा प्रश्नच नाही.

भरण्याआधी हवेनं गळती तपासा. यासाठी लहान मीटरचा हातपंप मिळतो, ०.५ बारपर्यंत दाब भरा, तुमच्या रिझर्व्हायरवर कमी मर्यादा लिहिली असेल तर तेवढाच, आणि वीस मिनिटं काटा हलतोय का बघा. सायकलचा पंप नको, त्याच्या मीटरवर एवढा दाब नीट कळतच नाही. काटा स्थिर राहिला की पाणी भरा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवा आणि मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवा: पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर जोडली की सप्लाय चालू होतो. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर यासाठी तयार टोपण मिळतं ते घ्या, अंदाजानं पिना जोडू नका. पाणी खाली गेलं की बंद, वर भरा, परत चालू. केस हळूहळू चारी बाजूंना कलवत हवा काढा. बुडबुडे पूर्ण जायला दोन-तीन दिवस लागतात, त्यात काळजीचं काही नाही. टिश्यू कोरडे राहिले की मगच मदरबोर्ड जोडा.

पंपाची टॅकोमीटरची (वेग सांगणारी) वायर मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅनच्या हेडरला (पिनांना) लावा आणि बायोसमध्ये वेग शून्य झाला की मशीन बंद व्हायची सूचना चालू ठेवा. पंप मेला तर पाणी काही मिनिटांत तापतं आणि नळ्यांचं नुकसान होतं, चिप एक वेळ वाचेल.

धुळीबद्दल थोडं. आपल्या भागात दोन गोष्टी बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. ऊसतोडीच्या सीझनला पाचट जळतं आणि कारखान्यांची काजळी येते, ती बारीक आणि चिकट असते, नुसत्या हवेनं निघत नाही. आणि आमच्या सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला राहणाऱ्यांच्या फिल्टरवर हळदीचा पिवळा थर मी दरवर्षी काढतो. कराडला हळद नसेल, काजळी असेल. सीझन संपला की एप्रिलमध्ये एकदा ब्लोअरनं रेडिएटर साफ करा, फॅन बोटानं धरून, आणि हवा फॅनच्या उलट दिशेनं. पत्र्याच्या पाकळ्या फार नाजूक असतात, ब्रश घासू नका.

परदेशी लोक २१ अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे टाकतात, त्याच्याशी आपली तुलना करू नका. एप्रिल-मेमध्ये आपली खोली ३५ असते, मग पाणी ४६ असणं ठीकच आहे. रेडिएटरनं पाणी कधीच खोलीपेक्षा थंड होत नाही. रिझर्व्हायरजवळ बर्फ ठेवू का असं एकानं विचारलं होतं, नका ठेवू, जुलैच्या दमट हवेत ब्लॉकवर दव धरेल आणि पाणी मदरबोर्डवर येईल.

पुढं किती दिवसांनी काय, हे वापरावर आणि कूलंटवर अवलंबून. रोज आठ-दहा तास मशीन चालत असेल तर पाणी वर्षानं बदला, कमी वापर असेल तर दीड वर्ष चालतं, पण पाणी गढूळ दिसलं की तारीख बघत बसू नका. ब्लॉक उघडून बघायचं काम दोन वर्षांतनं एकदा. हे सगळं जमणार नाही असं वाटत असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, ५९००एक्सला चांगला मोठा एअर कूलर पुरतो, कस्टम लूप हा ज्याला त्यात हात घालायला आवडतं त्याचाच.

तर आत्ता तुम्ही एवढंच करा, थर्मामीटर आणून तीन आकडे घ्या. पाणी ४५ च्या आसपास निघालं तर ब्लॉक उघडायला घ्या. पाणीच ५५ च्या वर निघालं तर माझा अंदाज चुकला, मग ब्लॉकला हात लावू नका, आधी रेडिएटर आणि पुढच्या फिल्टरचा फोटो दाखवा. काम झाल्यावर नवीन पाण्यावर अर्धा तास लोड देऊन परत तेच तीन आकडे घ्या आणि साइड पॅनेलच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख घालून लिहून ठेवा. मी माझ्या प्रत्येक मशीनला ते करतो, पुढच्या वर्षी पॅनेल उघडल्यावर सगळ्यात आधी तीच पट्टी वाचतो.